गाडगेबाबांची गोधडी आणि तुमचं जॅकेट: ऊब नेमकी येते कुठून?

दिवाळी झाली की शॉपिंग अ‍ॅपवर जॅकेटांचा पूर येतो. बॉम्बर, पफर, क्विल्टेड, ब्लेझर, ओव्हरकोट. फिल्टर उघडला की फॅब्रिक, लायनिंग, जीएसएम, स्लिम फिट, रेग्युलर फिट असे शब्द दिसतात आणि आपण शेवटी फोटोतल्या मॉडेलकडे बघून ऑर्डर देतो. पार्सल आलं की कळतं, दिसायला भारी आहे पण पहाटे गाडीवर बसलं की हाडं गोठतात.

आज हे शब्द समजून घेऊ, पण वाट जरा वेगळी आहे. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा किंवा वाशीम जिल्ह्यात कॉलेज केलं असेल तर ज्यांचं नाव तुमच्या मार्कशीटवर छापलेलं आहे, त्या संत गाडगेबाबांच्या आयुष्यातून आपण जाणार आहोत. या माणसाने पन्नासेक वर्षं अंगावर चिंध्या जोडून केलेलं वस्त्र घातलं. लोक त्यांना गोधडे महाराज, चिंधेबुवा असंही म्हणायचे. ऊब, कापड आणि कपड्यावरून माणसाची होणारी पारख, या तिन्ही गोष्टी त्यांच्या चरित्रात जितक्या ठळक दिसतात तितक्या दुसऱ्या कुणाच्या चरित्रात क्वचितच दिसतील.

परिटाच्या घरचा डेबू

२३ फेब्रुवारी १८७६. अमरावती जिल्ह्यातलं शेंडगाव, आजचा तालुका अंजनगाव सुर्जी. झिंगराजी आणि सखुबाई जानोरकर यांच्या घरी मुलगा झाला, त्याचं नाव डेबूजी. घर परिटाचं. परिटांचा पिढीजात धंदा कपडे धुण्याचा, म्हणजे गावातला प्रत्येक चांगला कपडा हातातून जायचा, पण अंगावर यायचा नाही. झिंगराजीला दारूचं व्यसन होतं, त्यातच तो गेला. डेबू तेव्हा जेमतेम आठ वर्षांचा. सखुबाई पोराला घेऊन माहेरी आली, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला. तिथे मामा चंद्रभानजीकडे डेबू गुरं राखायला लागला, मग नांगर धरायला लागला. शाळा नाहीच.

हा काळ वऱ्हाडात पांढऱ्या सोन्याचा. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस थांबला आणि इंग्लंडच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडावर पडली. खामगाव, अकोला, अमरावती, कारंजा ही कापसाची मोठी ठिकाणं झाली. पुढे तर फक्त कापूस वाहायला मूर्तिजापूरहून अचलपूर आणि यवतमाळकडे छोटी रेल्वे टाकली, तीच आपली शकुंतला. पण कापूस पिकवणारा सावकाराच्या वहीतच अडकलेला. डेबूच्या मामाचंही तेच झालं. कर्जापायी जमीन सावकाराच्या घशात गेली, त्या धक्क्याने मामा खचून गेला. नंतर सावकार शेताचा ताबा घ्यायला आला तेव्हा डेबूजी नांगर धरून उभा राहिला आणि हटला नाही. अंगाने धिप्पाड आणि मनाने त्याहून घट्ट. सावकाराला परत फिरावं लागलं.

१८९२ मध्ये कुंताबाईशी लग्न झालं. मुलगी झाली तेव्हा बारशाच्या पंगतीत जातीच्या रिवाजाप्रमाणे मटण आणि दारू हवी होती. डेबूजीने गोडाधोडाचं जेवण वाढलं. भाऊबंद चिडले. हा ऐकणार नाही, हे तेव्हाच सगळ्यांना कळून चुकलं होतं.

१ फेब्रुवारी १९०५: घर सोडलं

वयाच्या २९व्या वर्षी, १ फेब्रुवारी १९०५ ला डेबूजी घरातून निघून गेला. महिना लक्षात घ्या. वऱ्हाडात तेव्हा दुपार कडक होऊ लागलेली असते, पण पहाट अजून बोचरी असते. हातात काठी, सोबत एक मातीचं गाडगं आणि अंगावर फाटकं वस्त्र. पुढची साधारण बारा वर्षं तो गावोगाव भटकला. त्याच गाडग्यात भाकरी घ्यायची, त्यातच पाणी प्यायचं, चालताना तेच डोक्यावर टोपीसारखं ठेवायचं. एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच. यावरूनच लोकांनी नावं ठेवली आणि त्यातलं गाडगेबाबा हे टिकलं.

आता त्या वस्त्राकडे जरा इंजिनिअरच्या नजरेने बघूया.

आपल्या आजीने शिवलेली गोधडी आठवा. जुनी लुगडी, धोतरं, फाटके सदरे एकावर एक ठेवायचे आणि धावदोऱ्याने सगळीकडून टाचायचे. कापड स्वतः ऊब तयार करत नाही, हे आधी डोक्यात पक्कं करा. उष्णता तयार करतं ते आपलं शरीर. कपड्याचं काम एवढंच, की ती पळून जाऊ द्यायची नाही. आणि ते काम धागा जेवढं करतो त्यापेक्षा जास्त करते धाग्यांमध्ये अडकलेली हवा. स्थिर हवा ही उष्णतेची फार वाईट वाहक आहे. म्हणून एका जाड कापडापेक्षा तेवढ्याच वजनाचे तीन पातळ थर बहुतेक वेळा जास्त ऊब देतात, कारण प्रत्येक दोन थरांमध्ये हवेचा आणखी एक पापुद्रा मिळतो. आज ट्रेकिंगवाले ज्याला लेयरिंग म्हणतात ते हेच. दुकानात दोन-तीन हजारांना मिळणारं क्विल्टेड जॅकेटही याच तत्त्वावर चालतं. त्यावरच्या आडव्या शिलाया शोभेसाठी नसतात, आतलं भरण खाली घसरून गोळा होऊ नये म्हणून केलेले ते कप्पे असतात. गोधडीचा धावदोरा नेमकं हेच करतो.

कपड्याच्या उबेला मोजमापही आहे. १९४१ मध्ये संशोधकांनी क्लो नावाचं एकक ठरवलं. साधारण २१ अंशांच्या खोलीत शांत बसलेल्या माणसाला आरामात ठेवेल एवढा कपडा म्हणजे १ क्लो. गंमत म्हणजे त्यासाठी डोळ्यासमोर होता पुरुषांचा नेहमीचा सूट: पँट, शर्ट, कोट. म्हणजे ब्लेझर घातला की थंडी गेली असं समजणाऱ्यांनी लक्षात घ्या, तो खोलीतल्या हवेसाठीच मोजलेला कपडा आहे. डिसेंबरात पहाटे पाच वाजता बडनेरा स्टेशनवर उभं राहण्यासाठी नाही.

पण गोधडीचं उगाच कौतुकही करायला नको. ती सुती असते आणि सुती कापडाची खोड म्हणजे ओलावा. नेहमीच्या हवेत १०० ग्रॅम कोरडा कापूस साधारण ८ ग्रॅम ओलावा धरून ठेवतो, लोकर १६ च्या आसपास आणि पॉलिएस्टर अर्धा ग्रॅमसुद्धा नाही. कापूस पूर्ण भिजला की हवेच्या जागी पाणी बसतं, आणि पाणी स्थिर हवेच्या वीस-पंचवीसपट वेगाने उष्णता ओढून नेतं. पावसाळ्यात उघड्यावर चालणाऱ्या माणसाच्या अंगावर भिजलेल्या चिंध्या म्हणजे नुसतं ओझं. शिवाय वाऱ्यापुढे गोधडी लंगडी पडते, आतली स्थिर हवा वारा काढून नेतो. वैशाखात अकोल्याचा पारा ४५ च्या वर जातो तेव्हा तर बोलायलाच नको. ते वस्त्र सोयीसाठी नव्हतं, हे उघड आहे.

मग कशासाठी होतं? बाबांच्या वागण्यातूनच अंदाज येतो. गावात आले की हातात खराटा घ्यायचा आणि झाडायला लागायचं. कुणाच्या शेतात काम करायचं, कुणाची लाकडं फोडून द्यायची, मोबदल्यात चटणी-भाकरी घ्यायची. लोक त्यांना वेडा समजायचे, भिकारी समजायचे, कुठे चोर म्हणून हाकलायचे. संध्याकाळी तोच माणूस कीर्तनाला उभा राहायचा आणि अख्खं गाव थक्क व्हायचं. पाया पडायला कुणी आलं तर त्यांना आवडायचं नाही. सकाळी चिंध्या बघून दार लावणारे आणि रात्री पायाशी येणारे लोक एकच. कपडा माणसाबद्दल काय सांगतो आणि काय लपवतो, याचा प्रयोग ते रोज अंगावर घेऊन फिरत होते, असं मला वाटतं.

पौषातली ऋणमोचनची जत्रा

अमरावती जिल्ह्यातच पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन आहे. पौष महिन्यातल्या रविवारी तिथे यात्रा भरते. पौष म्हणजे वऱ्हाडातली खरी थंडी, आणि लोक नदीत अंघोळ करणार. पूर्वी तिथे काठ निसरडा आणि चिखलाचा होता, म्हातारी माणसं घसरून पडायची. बाबांनी तिथे घाट बांधण्याचं काम १९०८ मध्ये हाती घेतलं. पुढे याच यात्रेत आंधळ्या-पांगळ्यांना जेवण आणि कपडे देण्याचा परिपाठ पडला.

मुद्दा बघा. ओलं अंग, नदीवरचा वारा, अंगावर एकच फाटकं धोतर. वर सांगितलेलं पाणी-हवेचं गणित इथे जिवावर बेततं. गरीब माणूस थंडीत मरतो तेव्हा बऱ्याचदा कारण तापमान नसतं, कोरडा दुसरा कपडा नसणं हे असतं. बाबांच्या शिकवणीचं सार म्हणून जी दहा कामं सांगितली जातात त्यात भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी आणि लगेच पुढे उघड्यानागड्याला वस्त्र येतं. शिक्षण, आसरा, औषध त्याच्यानंतर. हा क्रम कीर्तनकाराचा कमी आणि डॉक्टरचा जास्त वाटतो.

नंतरची वर्षं भराभर बांधकामांची आहेत. पंढरपूरला चोखामेळा धर्मशाळा उभी राहिली, कारण दलित वारकऱ्यांना तिथे कुणी पडवीत उभं करत नव्हतं. नाशिक, आळंदी, देहू इथेही धर्मशाळा झाल्या. मूर्तिजापूरला गोरक्षण झालं. मुंबईत मोठ्या इस्पितळात उपचारासाठी खेड्यातून येणारी माणसं फूटपाथवर झोपायची, त्यांच्या नातेवाइकांसाठी जागा झाली. दादरची धर्मशाळा आजही कॅन्सरच्या पेशंटना आणि त्यांच्या घरच्यांना आधार देते. लाखो रुपये लोकांनी दिले, हिशेब ट्रस्टकडे गेला, आणि बाबांनी स्वतःच्या किंवा घरच्यांच्या नावावर काही ठेवलं नाही. कुंताबाई झोपडीत राहिल्या. १९२३ मध्ये एकुलता मुलगा गोविंदा वारल्याची बातमी आली तेव्हा बाबा लांब कोकणात कीर्तनात उभे होते. त्यांनी कीर्तन पुरं केलं. या प्रसंगाचं लोक कौतुक करतात. घरी कुंताबाईंचं काय झालं असेल, हे मात्र कुणी विचारत नाही.

सुटातला माणूस, चिंध्यांतला माणूस आणि दोन घोंगड्या

डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि गाडगेबाबा शेजारी उभे केले तर कपड्यांच्या बाबतीत दोन टोकं दिसतात. एकीकडे नीट मापाचा सूट आणि टाय, दुसरीकडे ठिगळं. पण दोघांनीही कपडा विचार करून घातला होता. ज्या समाजाला चांगलं कापड अंगावर घालायची बंदी होती, त्यातल्या माणसाने इस्त्रीचा सूट घालणं हे बंडच होतं. आणि ज्याला लोक संत म्हणून रेशमी वस्त्रं द्यायला तयार होते त्याने चिंध्या न सोडणं हेही बंडच. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली, यावरून एकमेकांवरचा विश्वास कळतो.

या दोघांची एक आठवण नेहमी सांगितली जाते. गाडगेबाबा मुंबईत आजारी होते, इस्पितळात होते. बाबासाहेबांना निरोप मिळाला. हातातली कामं बाजूला ठेवून ते निघाले आणि वाटेत दोन घोंगड्या विकत घेतल्या. गाडगेबाबा कुणाकडून स्वतःसाठी काही घेत नसत, पण त्या दोन घोंगड्या त्यांनी घेतल्या.

भेट काय निवडली बघा. शाल नाही, कोट नाही. घोंगडी. धनगरांनी दख्खनी मेंढीच्या जाड्याभरड्या लोकरीची विणलेली. टोचते, जड असते, पण आजारी आणि उघड्यावर राहणाऱ्या माणसासाठी तिच्याइतकं योग्य कापड नाही. लोकरीचा तंतू सरळ नसतो, नागमोडी असतो, म्हणून तो दाबला तरी पुन्हा फुगतो आणि हवा धरून ठेवतो. तंतूवर नैसर्गिक मेण असतं, त्यामुळे हलका पाऊस वरूनच ओघळतो. आणि ओली झाली तरी लोकर सुतासारखी लगेच हार मानत नाही. गोधडी कोरड्या घरात, घोंगडी रानात, हे आपल्या मेंढपाळांना लेबल न वाचताच माहीत होतं.

आता तुमच्या ऑर्डरकडे

हे सगळं वाचून झाल्यावर अ‍ॅप उघडलंत तर आधी एकच प्रश्न स्वतःला विचारा: हा कपडा घालून मी कुठे उभा राहणार आहे?

सकाळी अकोल्याहून मूर्तिजापूरमार्गे अमरावतीला बाइकवर जाणारे पुष्कळ जण आहेत. (याच रस्त्याचा ७५ किलोमीटरचा पट्टा जून २०२२ मध्ये १०५ तासांत करून गिनेस रेकॉर्ड झालं होतं.) जवळपास शंभर किलोमीटर वारा छातीवर घेताना जाड स्वेटर एकटा काही कामाचा नाही, तो जाळीसारखा असतो. तिथे बाहेरचा थर घट्ट विणीचा, वारा अडवणारा हवा: नायलॉन किंवा पॉलिएस्टरचं विंडचीटर. आत फ्लीस किंवा लोकरी स्वेटर, त्याच्या आत साधा टी-शर्ट. चेन गळ्यापर्यंत बंद होते का आणि मनगटाला इलास्टिक आहे का, हे फोटो मोठा करून बघा. गरम हवा तिथूनच निसटते. दुपारी तापलं की एकेक थर काढता येतो, हा वऱ्हाडात मोठा फायदा, कारण इथे हिवाळ्यातही सकाळ आणि दुपार दोन वेगळ्या ऋतूंसारख्या असतात. चिखलदऱ्याला मुक्काम असेल तर पफर घ्या. नाहीतर त्याची आपल्याकडे फारशी गरज पडत नाही, कपाटात जागा तेवढी खातं.

जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. आकडा मोठा म्हणजे कापड जड. जड म्हणजे उबदार, असं मात्र दरवेळी नसतं. ४०० जीएसएमचं डेनिम जॅकेट २०० जीएसएमच्या फुगीर फ्लीसपुढे थंडीत हरतं, कारण डेनिममध्ये हवेला जागाच नाही. डेनिम स्टाईलसाठी घ्या, ऊब समजून घेऊ नका.

फिटच्या बाबतीत सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. स्लिम फिट पफर किंवा कोट अंगाला चिकटला की आतला थर दबतो, हवा निघून जाते आणि किंमत दिलेली ऊबही जाते. फार ढगळ असला तर चालताना खालून थंड हवा आत शिरते. खांद्याची शिलाई खांद्याच्या हाडावर संपली पाहिजे, ही पहिली खूण. बाकी कंबर, लांबी, बाही टेलर दुरुस्त करतो, खांदा दुरुस्त करणं महागात पडतं. जॅकेट घालून बघताना आत स्वेटर घालूनच बघा आणि दोन्ही हात गाडीचं हँडल धरल्यासारखे पुढे करा. पाठीत ताणलं तर एक साईज वरचा.

ब्लेझरचं प्रकरण वेगळं. वऱ्हाडात लग्नं एप्रिल-मेमध्ये, आणि नवरदेवाचा भाऊ पूर्ण अस्तर लावलेला पॉलिएस्टरचा ब्लेझर घालून मांडवात उकडत असतो. त्या हवामानात लिनन किंवा सुती, अर्ध्या अस्तराचा ब्लेझर घ्या. नोकरीच्या मुलाखतीसाठी वर्षभर चालेल असा हवा असेल तर लोकर-पॉलिएस्टर मिश्र कापडाचा, टेरीवूल म्हणतात तो, घडी चांगली धरतो. लेबलवर आतल्या बाजूला टक्केवारी लिहिलेली असते. वूलन लुक असं लिहिलं असेल तर त्यात लोकर असेलच असं नाही, टक्केवारी शोधा.

आणि जुनं जॅकेट चालू स्थितीत असेल तर डिसेंबर उलटायच्या आत देऊन टाका. मार्चमध्ये दिलेल्या जॅकेटचा घेणाऱ्याला काही उपयोग नसतो.

शेवटचा डिसेंबर

८ फेब्रुवारी १९५२ ला बाबांनी उभारलेल्या संस्थांची मिळून गाडगे महाराज मिशन स्थापन झाली. तब्येत ढासळत होती, फिरणं थांबलं नाही. नोव्हेंबर १९५६ मध्ये मुंबईत वांद्र्याला पोलिसांसमोर त्यांचं कीर्तन झालं. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. त्यानंतर अवघ्या चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ ला, अमरावतीकडे येत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर गाडीतच गाडगेबाबांनी प्राण सोडला. समाधी अमरावतीत गाडगेनगरला आहे. अमरावती विद्यापीठ १९८३ मध्ये सुरू झालं आणि नंतर त्याला त्यांचं नाव मिळालं.

वांद्र्याच्या त्या कीर्तनाचं ध्वनिमुद्रण झालं होतं आणि ते यूट्यूबवर सापडतं. आवाज जुना, खरखर भरपूर, म्हणून हेडफोन लावून ऐका. बोली अस्सल वऱ्हाडी आहे. ते मधूनमधून समोरच्यांना प्रश्न विचारतात आणि लोक उत्तरं देतात.